मामाचा कप्तान

माझ्या मामाला अख्खं गाव कप्तान म्हणायचं. तो जन्मात कधी जहाजावर चढला नव्हता. खाडीपलीकडे जायला होडीत बसायचं म्हटलं तरी त्याला मळमळायचं, म्हणून तो पुलावरून लांबचा वळसा घालून चालत जायचा. कामाला तो लोखंडाच्या कारखान्यात होता, ओतकाम खात्यात मोल्डर. ओल्या रेतीत साचा दाबायचा, वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा. भट्टीच्या गोंगाटात बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता की त्याने घरात मीठ मागितलं तरी शेजारीण वाटी घेऊन यायची.

कप्तान हे नाव पडलं नाटकामुळे, आणि नाटक कशामुळे ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

फार पूर्वी एका परदेशी कप्तानाचं जहाज आमच्या खाडीच्या तोंडाशी आलं. तो नवीन वाट शोधत होता. महिनाभर राहिला, किनाऱ्याचा नकाशा काढला, आणि पुढे निघून गेला. नकाशामागून व्यापारी आले, व्यापाऱ्यांमागून शिपाई. आधी एक गोदाम, मग गोदामाला भिंत, मग भिंतीवर तोफा, मग कायदे. बोट दिलं की हात धरतात म्हणतात, इथे तर अख्खा माणूसच ओढला. पुढे डोंगरात कोळसा सापडला, तेव्हा गोदामाच्या जागी त्यांनी लोखंडाचा कारखाना काढला आणि बंदरापर्यंत रूळ टाकले. आमच्या आजोबांच्या आजोबांनी होड्या हाकल्या, पणजोबांनी धक्क्यावर कोळसा वाहिला, आजोबा भट्टीवर लागले, आणि त्यांच्यामागे मामा.

आमच्या घरात अजून एक गोष्ट सांगितली जायची, पण आवाज खाली करून. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तो चुकवून त्या पहिल्या जहाजाला आत आणायला किनाऱ्यावरचा एक होडीवाला पुढे गेला होता. तो आमच्या घराण्यातला. बक्षीस म्हणून त्याला एक सुरी मिळाली म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण पाहुण्यांसमोर हा विषय काढायचा नाही, अशी घरात शिस्त होती.

कारखान्याच्या वर्धापनदिनी परदेशी साहेब लोक एक नाटक करायचे. त्यात कप्तान किनाऱ्यावर उतरतो, झेंडा रोवतो, आणि गावकरी गुडघ्यावर बसून त्याला नमस्कार करतात. कप्तानाचं काम कारखान्याचे मोठे साहेब स्वतः करायचे. गावकरी म्हणून कामगारांतली धडधाकट पोरं निवडायची. मामा नोकरीला लागला त्याच वर्षी त्याची निवड झाली. सगळं नाटक साहेबांच्या भाषेत. गावकऱ्यांना बोलायचं काहीच नव्हतं, फक्त बसायचं. गुडघ्यावर बसल्या बसल्या कप्तानाची वाक्यं मामाच्या कानावर वर्षानुवर्षं पडत राहिली, आणि अर्थ पुरता न कळताही ती त्याला तोंडपाठ झाली.

मग देश स्वतंत्र झाला. साहेब बायकामुलांसह बोटीने गेले. कारखाना इथल्याच एका मालकाने घेतला. वर्धापनदिन आला, तेव्हा नाटकाचं काय करायचं असा प्रश्न पडला. शाळेतले मास्तर हौशी होते. त्यांनी नाटक नव्याने लिहिलं, आपल्या भाषेत. आता कप्तान खलनायक, आणि गावकरी उभे राहून त्याला सुनावतात. गावकरी व्हायला अर्धा कारखाना पुढे आला. कप्तान व्हायला मात्र कोणी तयार होईना.

मास्तर मामाच्या घरी आले. "तू उंच आहेस," ते म्हणाले. "आवाज आहे."

"आवाज भट्टीचा आहे, मास्तर. मी गावकरी होतो. गावकरीच बरा."

"गावकरी मला पासष्ट मिळालेत. गावकऱ्यांनी कोणाशी भांडायचं, एकमेकांशी?"

मामा हळूच म्हणाला, "त्याची वाक्यं मला पाठ आहेत. त्यांच्या भाषेतली."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. पहिल्या प्रवेशात कप्तान त्याच्याच भाषेत बोलेल असं तिथल्या तिथे ठरलं.

नाटक असं रंगलं की विचारू नका. मामाने "गुडघ्यावर बसा" अशा अर्थाची ती परकी गर्जना केली तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या खरोखर खाली बसल्या, सवयच होती म्हणून. मग लाज वाटून उठल्या आणि त्यांनी मामाला अशा शिव्या घातल्या की मास्तरांचे पुढचे संवाद कोणालाच ऐकू गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो कप्तान झाला. रस्त्यात पोरं त्याच्यामागे ओरडत, "जमीन परत दे." भाजीवाली म्हणायची, "कप्तान, आज वांगी की आमचं दुकानच न्यायचं?" मामा हसून घ्यायचा. पण लग्नाचं बघायला लागले तेव्हा ते नाव महागात पडायला लागलं.

मामी ताडपत्री शिवायच्या कारखान्यात होती. तिनं मामाला पहिल्यांदा बघितलं ते स्टेजवरच. तिच्या वडिलांनी विचारणा आल्यावर सरळ सांगितलं, "मुलगा चांगला असेल. पण तो तोंड उघडतो तेव्हा मला माझा बाप धक्क्यावर वाकलेला दिसतो. जावई म्हणून ते ऐकत बसू का?"

त्यावर मामी आतून म्हणाली, "बाबा, ती त्याची भाषा नाही, पाठ केलेली आहे. त्याची स्वतःची भाषा ऐका एकदा."

वडील ऐकायला गेले. मामा त्यांच्यासमोर इतका घाबरला की तासभर त्याच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द फुटला नाही. वडील घरी येऊन म्हणाले, "बिचारा आहे. करून टाक."

माझे वडील बोटीवर खलाशी होते, ते परत आले नाहीत, आणि पाठोपाठ आईही गेली. ती मामाची थोरली बहीण. मामा-मामींनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी पाळण्यात होती. त्या घरात मी पोरकी आहे हे मला कोणी जाणवू दिलं नाही. दोन खोल्या, खालच्या मजल्यावर कारखान्याचं रेशन दुकान, खिडकीतून दिसणारी भट्टीची धुरांडी, आणि दारामागच्या खिळ्यावर मामाचा कामाचा कोट आणि त्याच्यावरच कप्तानाचा सोनेरी बटणांचा कोट. मामीनं तो दोनदा उसवून मोठा केला होता. "कप्तान सुटत चालला," ती म्हणायची, "लूट अंगी लागतेय."

ती वर्षं कारखान्याच्या भरभराटीची होती. देश नवीन, सगळीकडे पूल बांधायचे, धरणं बांधायची, रूळ टाकायचे. तीन पाळ्या चालायच्या. आम्ही वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे आणि कोणी तक्रार करायचं नाही, कारण काळे कपडे म्हणजे काम आहे. मामा दमून यायचा, पण एखादा मोठा भाग नीट निघाला की जेवताना त्याच्याबद्दल असं बोलायचा की जणू घरात बाळ जन्मलंय.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा वारं फिरलं. थोरले मालक वारले आणि त्यांचे चिरंजीव आले. ते बाहेर शिकून आलेले. त्यांनी नव्या भट्टीची ऑर्डर दिली आणि कारखान्याच्या फाटकावर नोटीस लावली की जुन्या ओतकाम खात्यातले अर्धे लोक कमी होणार. खाली लिहिलं होतं: 'प्रगतीसाठी काहींना बाजूला व्हावं लागतं. हे आपल्या सर्वांच्या भल्यासाठीच आहे. सहकार्य करावं.' नोटीस लागली ती नेमकी वर्धापनदिनाच्या आधी. मामा दिवसभर येता-जाता ती वाचत राहिला. यादी अजून लागली नव्हती, कोण जाणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

नाटक ठरल्याप्रमाणे झालं. पहिल्या रांगेत मालक, त्यांच्या शेजारी सरकारी पाहुणे. मी मामीबरोबर मागे होते. तिसऱ्या प्रवेशात कप्तान गावकऱ्यांना उपदेश करतो आणि गावकरी त्याला उत्तर देतात. मामा पुढे आला, हात वर केला, आणि थांबला. बराच वेळ थांबला. मामीनं माझा दंड घट्ट धरला.

मग मामा त्या भट्टीच्या आवाजात म्हणाला, "प्रगतीसाठी काहींना बाजूला व्हावं लागतं. हे आपल्या सर्वांच्या भल्यासाठीच आहे. सहकार्य करावं."

मागून कोणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळं पटांगण हसायला लागलं. माणसं बाकांवर चढून टाळ्या वाजवत होती. पहिली रांग तेवढी हसली नाही. मालक उठले आणि निघून गेले. नाटक संपल्यावर पोरांनी मामाला त्या कोटासकट खांद्यावर घेतलं.

घरी आल्यावर मामीनं दार लावलं. "एवढं धाडस तुमच्यात होतं, हे मला वीस वर्षांत कळलं नाही," ती म्हणाली.

मामा पलंगाच्या कडेला बसला होता. कोट अजून अंगातच. "धाडस कसलं," तो म्हणाला. "संवाद विसरलो. डोकं पार कोरं झालं. दिवसभर ती नोटीस वाचत होतो, तीच तोंडात आली."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की मामालाही हसायला यायला लागलं, आणि आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. धाकटी जागी होऊन विचारत होती काय झालं, आणि कोणालाच सांगता येत नव्हतं.

सकाळी ऑफिसात बोलावणं आलं. मामी म्हणाली, "जे झालं ते सांगा. विसरलो म्हणा. खरंच तर आहे."

"तेच सांगणार आहे," मामा म्हणाला.

तो दुपारी घरी आला. त्याला कामावरून काढून टाकलं होतं. मामीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "सांगितलं नाही?"

"सांगायलाच गेलो होतो," मामा म्हणाला. "आत गेलो तर मालक म्हणाले, तुझ्यासारख्याला असं सुचणं शक्य नाही. युनियनने पढवलं असेल. तू काय बोललास ते तुला कळलं तरी का? चूक झाली असं लिहून दे आणि जा कामावर." तो पाणी प्यायला. "मी दारात उभा होतो. बाहेर खात्यातली पोरं वाट बघत होती. काल किती दिवसांनी हसली होती ती. मी विसरलो होतो म्हणून सांगितलं असतं, तर मग ती कशाला हसली होती? म्हणून म्हटलं, कळलं. कळूनच बोललो."

मामी म्हणाली, "हात धुवा. जेवून घ्या."

पुढे संप झाला. हिवाळाभर कारखान्याची धुरांडी गप्प होती. घर मामीच्या ताडपत्रीवर चाललं. मी शिकवण्या घ्यायला लागले. मामा घरात असला की जागा अडवतो असं त्यालाच वाटायचं, म्हणून तो सकाळी गेटसभेला जायचा आणि संध्याकाळी मामीच्या बोटांना तेल चोळून द्यायचा. जाड कापडात सुई घालून ती सोलून निघायची. गेटसभेत लोक त्याला भाषण कर म्हणायचे. तो उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि खाली बसायचा. त्याला वाटायचं आपण फसवतोय. युनियनच्या पुढाऱ्याला त्याने एकदा कानात खरं सांगूनही टाकलं. पुढारी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझा हा साधेपणाच लोकांना आवडतो, कप्तान." कोणी विश्वास ठेवला तर ना.

संप अर्धा जिंकला, अर्धा हरला. कमी करायच्या लोकांतले निम्मे राहिले, निम्मे गेले. मामाला परत घेतलं, पण भंगाराच्या अंगणात टाकलं. दोन वर्षांनी साच्यांना हात लावायला मिळाला. नाटक मात्र मालकांनी कायमचं बंद केलं. आणि ज्या नव्या भट्टीसाठी एवढं रामायण झालं, तीही फार वर्षं चालली नाही. बाहेरून स्वस्त लोखंड यायला लागलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. मामा तेव्हा निवृत्तीला आलाच होता. जागा विकली गेली. धुरांडी पाडायला आले तेव्हा सगळा गाव बघायला गेला. मामा गेला नाही, घरात पंखा दुरुस्त करत बसला. पंख्याला काही झालं नव्हतं.

त्याची मुलगी, माझी मामेबहीण, नर्स झाली आणि नोकरीला बाहेरदेशी गेली. जग एवढं मोठं, पण तिला नोकरी मिळाली ती नेमकी त्या कप्तानाच्या देशात. मामी गेल्यावर तिने हट्टच धरला, बाबांना इकडे आण. मी तोवर बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. मामाला घेऊन मीच गेले.

त्या देशात उतरल्यावर तपासणीच्या खिडकीतल्या माणसाने मामाला काहीतरी विचारलं. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "मला यांच्या भाषेतली चारच वाक्यं येतात. त्यातलं एकही इथे बोलायच्या लायकीचं नाही." एकात तो लोकांना गुडघ्यावर बसवत होता, दुसऱ्यात त्यांची जमीन ताब्यात घेत होता, उरलेल्या दोहोंत दारूगोळा मागवत होता. महिनाभर तो त्या देशात हसून आणि मान डोलावून वावरला. बेकरीतल्या बाईचं मत पडलं की असा नम्र म्हातारा तिने पाहिला नाही.

कप्तानाचं गाव बसने अर्ध्या दिवसावर होतं. बहिणीने सुट्टी काढली आणि आम्ही तिघं गेलो. मामाच्या मनात तिथे पुतळा असणार, मोठा वाडा असणार. प्रत्यक्षात पावसाळी हवेतलं एक लहान बंदर, मासे पकडायच्या जाळ्यांचे ढीग, आणि बंद पडलेला साखळ्यांचा कारखाना. चौघांना विचारलं, कोणाला कप्तान माहीत नाही. शेवटी एकाने एक घर दाखवलं. दार एवढं ठेंगणं की मामाचं कपाळ चौकटीला आपटलं. आतल्या बाईने धावत येऊन ओला रुमाल दिला. ते घर कप्तानाचं म्हणून जपलेलं नव्हतंच, जुन्या काळी दोर कसे वळायचे ते दाखवायला ठेवलेलं होतं. लांबट खोली, भिंतीला आकडे, ताग विंचरायचे लाकडी दाते. कप्तान हा त्या घरातल्या दोरवाल्याचा मुलगा.

बहीण मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होती. बाई म्हणाली, "त्याच्याबद्दल इथे कोणी विचारत नाही. समुद्रावर गेला, परत आला नाही, एवढंच माहीत आहे. कुठे पोचला होता का तो?"

"आमच्याकडे पोचला होता," मामा म्हणाला. "आमच्या खाडीत वाळू आहे. एकट्याला आत येता आलं नसतं. आमच्याच घरातल्या एकाने वाट दाखवली." जी गोष्ट घरात कुजबुजत सांगितली जायची, ती मामाने परक्या बाईला सहज सांगून टाकली.

बाईने विचारलं, तुम्हाला त्याची एवढी माहिती कशी. तेव्हा बहिणीने नाटकाचं सांगितलं. बाई हसून म्हणाली, म्हणून दाखवा ना काहीतरी. मामा आधी नको म्हणाला. मग कपाळावरचा रुमाल काढून ताठ उभा राहिला आणि आवाज न चढवता, घरात बोलतात तसा, ते पहिलं वाक्य बोलला. बाईचं हसू थांबलं.

"हे तो कोणाला म्हणायचा?" तिने विचारलं.

"आम्हाला," मामा म्हणाला. "आधी मी बसायचो. मग मी म्हणायला लागलो."

बाईने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला. चहा घेताना ती म्हणाली की कप्तान गेल्यावरही त्याची आई म्हातारी होईपर्यंत याच खोलीत दोर वळत होती. घरात दुसरं कमावणारं कोणी उरलं नव्हतं. मामाने भिंतीवरचा एक आकडा बोटांनी चाचपला. ओतीव होता. "जाडी बरोबर आली आहे," तो म्हणाला. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, "तुझ्या मामीच्या बोटांचं आठवलं. दोराने तर त्या आईची त्याहून जास्त सोलत असतील."

परत आल्यावर एक दिवस शाळेतली एक तरुण बाई घरी आली. कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती झाल्या आहेत आणि त्यातच ती शाळा. मुलांना गावाचा इतिहास सांगाल का, म्हणाली. मामा गेला. त्याने जहाजाचं सांगितलं, गोदामाचं, भट्टीचं, संपाचं. संवाद विसरल्याचंही सांगितलं, आणि मुलांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला. शेवटी त्याने त्या ठेंगण्या घराचं सांगितलं. मागे बसलेले एक पालक म्हणाले, "आजोबा, तुम्ही तर त्याची बाजू घेताय."

"बाजू कसली," मामा म्हणाला. "त्याच्या वाट्याच्या शिव्या जन्मभर मीच खाल्ल्या आहेत. त्याच्या येण्याने जे झालं ते वाईटच झालं. मी फक्त तो कुठून आला ते सांगतोय. आभाळातून पडला नव्हता."

त्या गृहस्थांचं समाधान झालं नसावं. पण एका मुलीने हात वर करून विचारलं, त्याच्या आईला कोणी सांगितलं का, तो कुठे गेला ते. घरी येऊन मामाने लेकीला फोन लावला आणि त्या दोरांच्या घरातल्या बाईला विचारून यायला सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, एवढ्यासाठी अर्धा दिवस बसने? पण गेली. त्या बाईलाही ते माहीत नव्हतं. उलट तिनेच विचारलं, तुमच्या त्या खाडीचा एखादा फोटो मिळेल का, भिंतीवर लावायला.

मी फोटो काढायला गेले. मामा काठी टेकत बरोबर आला, पण फोटोत उभा राहीना. "खाडी येऊ दे नीट," म्हणाला. "वाळूचा बांध दिसला पाहिजे." ओहोटीपर्यंत आम्ही थांबलो.

फोटो तिकडे पोचला. बाईने तो चौकटीत घालून भिंतीला लावला आणि खाली आमच्या गावाचं नाव लिहिलं, ते चुकीचं. बहिणीने पुढच्या खेपेला जाऊन ते दुरुस्त करून घेतलं आणि तसं फोनवर कळवलं. मामाने तिला अक्षर अन् अक्षर पुन्हा सांगायला लावलं. मग फोन माझ्याकडे दिला आणि चहा टाक म्हणाला.